काही नको, सांग त्याला

आमच्या इमारतीत माझं नाव 'व्हिसावाली' आहे. तळमजल्यावरच्या काकूंनी ते ठेवलं आणि बाकीच्यांनी उचललं. मी कितीदा सांगून पाहिलं, काकू, व्हिसाची खिडकी खाली असते, मी वर बसते, माझा व्हिसाशी तेवढाच संबंध जेवढा तुमचा विमानाशी. काकू म्हणतात, "हो गं, पण एकाच इमारतीत ना?" आता यावर काय बोलणार, कपाळ!

मी एका परदेशी दूतावासात धोरण अधिकारी आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. काम काय, तर आपल्याकडे काय चाललंय ते त्यांना त्यांच्या भाषेत उलगडून सांगायचं. सकाळी पेपर वाचायचे, दुपारी मंत्रालयातल्या कुणाला तरी गाठून चहा प्यायचा आणि संध्याकाळपर्यंत दोन पानी टिपण लिहायचं. कधी दुधाच्या भुकटीवरचा कर, कधी आपल्या नर्सच्या पदवीला तिकडे मान्यता. टिपण झालं की ते एका काचेच्या दाराआड जातं. दाराआड फक्त तिकडून आलेली माणसं बसतात, आम्हा इथल्यांना आत जायला मनाई. गंमत अशी की माझंच टिपण एकदा आत गेलं की ते गुप्त होतं आणि मग मलाच वाचता येत नाही. एकदा मला माझंच एक वाक्य परत हवं होतं, तर साहेब म्हणाला, माफ कर, तुला तेवढा अधिकार नाही. मी म्हटलं, अरे, लिहिलंय कुणी? तो म्हणाला, तूच, म्हणजे तुला आठवत असेलच.

हा साहेब म्हणजे राजकीय सल्लागार. दर तीन-चार वर्षांनी जुना जातो, नवा येतो, आणि मी पुन्हा पहिलीपासून सगळं शिकवायला बसते. सध्याचा इतका उंच आहे की आम्ही त्याला शिडी म्हणतो. त्यांच्या भाषेत तू आणि तुम्ही असा फरक नाही. त्यामुळे मी रागावले की मनातल्या मनात त्याला 'तू' म्हणते आणि तो शहाण्यासारखा वागला की 'तुम्ही'. 'तुम्ही' म्हणायची वेळ फारशी येत नाही.

आणि आता आमच्या घरचं. माझा धाकटा भाऊ त्याच देशात असतो. इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करतो. जाऊन सहा वर्षं झाली, एकदाही आलेला नाही. त्याचा तिथे कायम राहण्याचा अर्ज अडकलाय, आणि निकाल लागायच्या आत देश सोडला तर अर्ज बंद. म्हणजे सहा वर्षं पाण्यात. मग आई जाऊ दे म्हटलं, तर आईचा व्हिसा दोनदा नाकारला. कारण काय, तर अर्जदार परत येईल याची खात्री वाटत नाही. आई म्हणाली, "परत नाही येणार? मग माझी औषधं काय ही एकटी खाणार?" काकू म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला काकूंचा राग आला, कारण म्हण अगदी बरोबर बसली होती.

मी काही करू शकत नव्हते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सही करून दिलंय, स्वतःच्या नातेवाइकाच्या व्हिसाबद्दल कुणापाशी एक अक्षर काढणार नाही, कुणाकरवी काढवणार नाही. काढलं तर नोकरी गेली. आणि आईच्या डोळ्यांतली इंजेक्शनं त्याच नोकरीवर चालतात.

तिच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. म्हणजे ती तुमच्याकडे तोंड करून बसली तर तुम्ही तिला दिसत नाही, तिथे एक काळपट डाग दिसतो. तिने खिडकीकडे तोंड केलं की बाजूला बसलेले तुम्ही दिसता. नव्या माणसाला वाटतं, बाई भलतीच फटकळ, बोलताना बघतसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, कडाही जातील, कधी ते सांगता येत नाही. तेव्हापासून तिचं एकच, "कडा आहेत तोवर एकदा त्याला बघते गं." धाकट्याला मात्र यातलं काही सांगायचं नाही, असं तिने मला शपथ घालून बजावलंय. कळलं तर तो सगळं टाकून विमानात बसेल, हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

त्या महिन्यात त्यांचा स्थलांतर खात्याचा उपमंत्री येणार होता. नर्स आणि तंत्रज्ञ यांना तिकडे पाठवायच्या करारासाठी. असा पाहुणा यायचा म्हणजे दूतावासात लग्नघर होतं. कुठल्या गाडीत कोण, कुणाच्या उजवीकडे कुणी बसायचं, झेंडा टेबलावर किती उंच, सगळं मी लिहून देते. शिवाय पाहुण्याने काय बोलायचं तेही. या वेळी मुख्यालयातून फर्मान आलं, मंत्र्यांना एका साध्या घरी न्या, ज्या घरातलं मूल आपल्या देशात कामाला आहे. चहा, दोन शब्द, एक फोटो. मी एका नर्सचे आईवडील शोधून ठेवले होते. गोड माणसं होती. नेमके भेटीच्या दिवशी सकाळी नर्सचे वडील न्हाणीघरात घसरले आणि सगळं कुटुंब इस्पितळात गेलं.

शिडी माझ्या टेबलापाशी येऊन वाकून उभा राहिला.

"तुझी आई याच भागात राहते ना?"

"राहते. पण जमणार नाही," मी म्हटलं. "माझ्या भावाचा अर्ज चालू आहे. आईचा व्हिसा दोनदा नाकारलाय. मी सही केलेली आहे."

"मला माहीत आहे. ती एक आई आहे, एवढंच आम्ही म्हणू. फक्त कुणी काही मागायचं नाही. दुभाषी तूच असशील, म्हणजे गडबड व्हायचा प्रश्नच नाही."

मनातल्या मनात मी त्याला 'तू' म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. पण तोंडाने हो म्हणाले. खरं सांगू? माझा हिशोब तेव्हाच सुरू झाला होता. जो माणूस त्या खात्याचा उपमंत्री, तो माझ्या आईसमोर येऊन बसणार. आईला कुणी सही करायला लावलेलं नाही. आईच्या तोंडाला कुणी कुलूप घातलेलं नाही. आणि तिच्या तोंडून काही निघून गेलं तर दुभाष्याचं काम काय? जे कानावर पडेल ते सांगणं.

तरीही मी घरी जाऊन तिला पढवलं. माझं कामच ते. ती स्वयंपाकघरात कपबशा चाचपत होती.

"आई, ते विचारतील मुलगा कसा आहे. काय सांगायचं?"

"बरा आहे. उपाशी राहतो, पण बरा आहे."

"उपाशी वगैरे नको."

"बरं. बरा आहे."

"विचारतील, आमचा देश कसा वाटतो?"

"न बघताच?"

"आई!"

"छान वाटतो. लांबून सगळंच छान वाटतं."

"आणि विचारलं, काही हवंय का? तर?"

ती थांबली. हातातली बशी तिने ओट्यावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे माझ्याकडे बघितलं. "एवढा माणूस सात समुद्र ओलांडून माझ्या दारात येणार आणि मी त्याला काही नको म्हणू?"

"माझी नोकरी जाईल."

"बरं बाई," ती म्हणाली. "काही नको."

मी शाब्बास म्हटलं. पण मनातून मला काय वाटत होतं, सांगते. मला वाटत होतं, हिने ऐकू नये. आयुष्यभर माझं एक ऐकलं नाही हिने. मीठ कमी खा, ऐकलं नाही. फोनवर ओरडून बोलू नकोस, ऐकलं नाही. आजही ऐकू नये, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं.

दुपारी आधी सुरक्षेची दोन माणसं आली. त्यांनी आमचं कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून बघितलं, न्हाणीघरातली बादली उलटी करून पाहिली. जिन्यावर अख्खी इमारत जमली होती आणि सगळ्यांत पुढे काकू होत्या, ठेवणीतली साडी नेसून. फोटोवाल्याने आमचा सोफा ओढून भिंतीला लावला. मी आईची खुर्ची तिरकी ठेवली होती, तिला पाहुणा दिसावा म्हणून. शिडीने येऊन ती सरळ केली. फोटोत समोरासमोर बरं दिसतं म्हणाला. मी पुन्हा तिरकी केली, त्याने पुन्हा सरळ केली, आणि तेवढ्यात मंत्री आलेच.

माणूस तरुण होता, धाकट्याच्या वयाचा असेल. जिने चढून धापा टाकत होता आणि कोट कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. काकूंनी जिन्यातून हात लांब करून तो घेतला आणि शेवटपर्यंत कुणाला दिला नाही. मी आईच्या बाजूला एका स्टुलावर बसले. दुभाषी बसतो तशी, जरा कडेला. खोलीत आम्ही पाच जण होतो. मंत्री, शिडी, फोटोवाला, आई आणि मी. फोटोवालाही त्यांच्याच देशाचा. शिडीला आपल्या भाषेतला 'नमस्कार' येतो आणि 'सावकाश' येतं. ते तो ड्रायव्हरला म्हणतो.

आईने खिडकीकडे तोंड केलं.

मंत्री गडबडला. "मी काही चुकलो का?"

मी त्याला डोळ्यांचं सांगितलं. ती तुम्हालाच बघते आहे, म्हणाले. मग त्याने मुलाबद्दल विचारलं, आईने बरा आहे म्हणून सांगितलं. देश कसा वाटतो विचारलं, आईने छान वाटतो म्हटलं. मी लिहून दिलेले प्रश्न, मीच पढवलेली उत्तरं. माझं मीच मला भाषांतर करून सांगत होते. चहा निवत चालला होता.

मग आई म्हणाली, "त्याला विचार, हात लावू का. कडेने नीट कळत नाही माणूस."

मी विचारलं. शिडीच्या भुवया वर गेल्या, पण मंत्री उठला आणि तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. आईने त्याच्या कपाळावरून हात फिरवला, मग भुवया, मग गाल. फार सावकाश. मी आईला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. तो हात कुणाचा चेहरा शोधत होता हे काही मला कुणी सांगायला नको होतं.

"एवढाच आहे माझा," ती म्हणाली. "याने दाढी नीट केली नाहीये. हनुवटीखाली राहिलीय."

मी तेही सांगितलं. सवयच तशी. मी वगळत नाही, घालत नाही, गोड करत नाही. इतक्या वर्षांत माझ्या भाषांतरात कुणी खोट काढलेली नाही, याचा मला अभिमान आहे. मंत्री हसला आणि हनुवटी चाचपू लागला.

मग त्याने माझा कागद सोडला. "मुलाला शेवटचं कधी भेटलात तुम्ही?"

"सहा वर्षं झाली."

तो अजून खालीच बसलेला होता. शिडी खाकरला. मंत्र्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. "मी तुमच्यासाठी काही करू शकतो का?"

मी भाषांतर केलं. आता बोल, मी मनात म्हणत होते. आता बोल, आई, एकदाच माझं ऐकू नकोस.

आईने खिडकीकडचं तोंड वळवलं आणि ते सरळ मंत्र्याकडे केलं. म्हणजे त्या क्षणी मंत्री तिला दिसत नव्हता. ती माझ्याकडे बघत होती.

"काही नको, सांग त्याला," ती म्हणाली.

मी थांबले. ती पुढे काही म्हणेल म्हणून थांबले. ती काही बोलली नाही. नुसती बसून राहिली, तोंड त्याच्याकडे, नजर माझ्याकडे. मला वाटलं, विचारतेय, बरोबर बोलले ना?

"ती म्हणते, काही नको," मी सांगितलं.

मंत्री उठला. फोटो झाला. काकूंकडून कोट सोडवून घेऊन सगळे खाली गेले. गाडीत बसताना शिडी माझ्या कानाशी वाकून म्हणाला, फार छान झालं, तुझी आई म्हणजे अस्सल मुत्सद्दी. मी मान हलवली आणि जिना चढून वर आले.

आई त्याच खुर्चीत होती. "गेला?"

"गेला."

"काय म्हणाला मग?"

"कशाला काय म्हणाला?"

"तू त्याला सांगितलंस, त्यावर."

"काय म्हणणार? तू म्हणालीस काही नको, मी सांगितलं काही नको. तो उठला."

मी कप गोळा करत होते.

"तेवढंच सांगितलंस?"

"तू तेवढंच म्हणालीस ना!"

"अगं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उतरला. "मी बोलले ते तुझा शब्द राखायला. तू पढवलंस तसं. आपली भाषा तिथे तुझ्याशिवाय कळत होती कुणाला? मी काहीही बोलले असते, तरी तू सांगशील तेच मी बोलले असं झालं असतं. मला वाटलं, तू सांगशील. म्हणून तर बघितलं तुझ्याकडे."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. इतकी वर्षं मी त्या काचेच्या दाराबाहेर बसून मोठमोठ्या लोकांच्या बोलण्यातलं न बोललेलं शोधते, ते टिपणात लिहिते, शाबासकी घेते. आणि माझ्या आईने खोलीभर माणसांत माझ्याशी खाजगीत बोलायची एकच जागा शोधली, ती मला दिसली नाही. मी तिच्यावरच ओरडले. काय करणार, रडू आलं की मला ओरडता येतं.

"मग नीट सांगायचं ना! डोळा मारायचा!"

"डोळे असते तर मारला असता," आई म्हणाली आणि हसली. मग मीही हसले आणि दोघींनाही रडू आलं. जिन्यातून काकू विचारत होत्या, झाला का गं आईचा व्हिसा?

दुसऱ्या दिवशी मी भेटीचं टिपण लिहिलं. अशा टिपणाच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते, कोणतीही मागणी मांडण्यात आली नाही. ती लिहिली. शिडी टिपण घेऊन काचेच्या दाराआड गेला, आणि ती ओळ माझ्यापुरती गुप्त झाली.

फोटो दूतावासाच्या इंटरनेटवरच्या पानावर लागला. संध्याकाळी मी घरी पोचते न पोचते तोच धाकट्याचा फोन आला. बाकी वेळी तो आईच्या फोनवर करतो, आज माझ्या.

"ताई, आपल्या घरी मंत्री! मला आधी सांगायचंस की!"

"अचानक ठरलं रे."

"फोटो मोठा करून बघितला मी. आई कुठे बघतेय? सगळे तिच्याकडे बघतायत आणि ही भलतीकडेच. रागावली होती का? मागच्या महिन्यात व्हिडिओवरही अशीच, मी म्हणत होतो आई इकडे बघ, इकडे बघ, तर ही आपली पंख्याकडे." तो थांबला. "ताई, खरं सांग. काय झालंय?"

आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. फोन माझ्या कानाला होता, तिला त्याचं काही ऐकू येत नव्हतं, पण माझ्या गप्प राहण्यावरून तिने ओळखलं. हाताने तिने नाही, नाही केलं.

"फोटोबद्दल विचारतोय?" ती हळूच म्हणाली. "सांग, उजेड डोळ्यांवर येत होता. आणि सांग, मी मजेत आहे. मला काही नको, सांग त्याला."

तिकडे तो, इकडे ती, दोघांची भाषा एकच, तरी दुभाषी मीच. माझ्या डोळ्यांपुढे त्याचा तो सहा वर्षांचा अर्ज आला. त्याची ती थंडीतली खोली, जी मी फक्त फोनमध्ये पाहिली आहे. मी सांगितलं तर तो येणार, आणि आला की परत जाता येणार नाही. नाही सांगितलं तर अर्ज राहील, निकाल लागेल, तो रुबाबात येईल, आणि आई त्याच्या तोंडावर हात फिरवून बघेल, दाढी केली आहे की नाही.

"ताई? ऐकतेस ना? काय म्हणतेय आई?"

मी आईकडे बघितलं. तिने शेंगांची परात बाजूला सरकवली आणि समोरच्या भिंतीकडे तोंड केलं. मी तिच्या बाजूला उभी होते.

"आई म्हणतेय," मी म्हटलं, "डोळे चाललेत रे माझे. ते आहेत तोवर तुला बघायचंय."

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती, माझ्याकडे बघत. या वेळी ती नको म्हणाली नाही.